इन्सिडंट लाइट मीटर: रीडिंग कुठे, कसं आणि कोणत्या क्रमाने घ्यायचं

हातात धरायचा लाइट मीटर घेतला, रीडिंग घेतलं, कॅमेऱ्यात जसंच्या तसं टाकलं, तरी फोटो एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) काळा आला, मग मीटरच खराब म्हणून विकायला काढला. हे इतक्या जणांचं बघितलंय की आता एकदाच सगळं लिहून काढतो. मीटर खरंच खराब असणं क्वचित. बहुतेक वेळा घोळ तीन ठिकाणी असतो: तुम्ही उभे कुठे होतात, डोमचं, म्हणजे मीटरवरच्या पांढऱ्या अर्धगोलाचं, तोंड कुठे होतं, आणि रीडिंग आल्यावर हिशोबात काय धरायचं राहिलं.

एवढं आधी डोक्यात पक्कं करा. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो, म्हणून पांढरं धोतर समोर आलं की तो फोटो काळपट करतो आणि काळा कोट आला की उगाच उजळतो, दोन्हीचं त्याला मधलं राखाडीच करायचं असतं. इन्सिडंट मीटर वस्तूवर पडणारा उजेड मोजतो. समोर नवरदेव क्रीम शेरवानीत आहे की नवरी गडद जांभळ्या शालूत, त्याला काही घेणंदेणं नाही. पण म्हणूनच तो वस्तूपाशी न्यावा लागतो. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून घेतलेलं रीडिंग हे तुमच्या अंगावर पडलेल्या उजेडाचं असतं.

१. घरीच करायची तयारी

आधी सेल. साधा डबल-ए चालणारे मीटर बरेच आहेत, सेकॉनिक कंपनीचा एल-३०८ त्यातलाच, पण बॅगेत वर्षभर पडलेला सेल घालून शूटला जाऊ नका, एक जास्तीचा खिशात ठेवा.

मग डोम. पांढरा अर्धगोल. त्याला बोटांचं तेल, घाम, मेकअपची पावडर लागते आणि तो हळूहळू पिवळट होतो, तेवढा उजेड आत कमी जातो. मऊ सुक्या कापडाने पुसायचा, स्पिरिट-थिनर लावायचं नाही. एल-३०८ मध्ये हा डोम सरकवायचा असतो: सेन्सरवर आणला की इन्सिडंट, बाजूला केला की रिफ्लेक्टेड. अर्धवट सरकलेल्या डोमने घेतलेलं रीडिंग कशाचंच नसतं, त्यामुळे तो जागेवर पूर्ण बसलाय ना ते बोटाने चाचपून बघा. एल-३५८, एल-७५८ सारख्या मीटरांत डोमभोवतीची रिंग फिरवली की डोम आत जातो. तो आत कधी न्यायचा ते पुढे येईल, सध्या बाहेरच ठेवा.

आता सेटिंग, याच क्रमाने:

- मोड. सूर्य किंवा कायम चालू लाइटसाठी अँबियंट, फ्लॅशसाठी फ्लॅश. काल स्टुडिओत वापरलेला मीटर आज उन्हात काढला की तो फ्लॅश मोडमध्येच असतो आणि लोक बटण दाबून वाट बघत बसतात.
- आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा. कॅमेऱ्यात जो आहे तोच. हा कॅमेऱ्यात बदलला की मीटरमध्येही बदलायचा. विसरायची सर्वात मोठी जागा हीच.
- शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आधी ठरवायचं की अपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान). माणसांच्या फोटोसाठी मी शटर ठरवून अपर्चर वाचतो, तुम्हाला डेप्थ, म्हणजे पुढे-मागे किती भाग स्पष्ट दिसतो ती, नेमकी हवी असेल तर उलटं करा.
- कॉम्पेन्सेशन शून्य. सेकंडहँड मीटर घेतला असेल तर हे आधी बघा, आधीच्या मालकाने त्याच्या कॅमेऱ्यासाठी टाकलेला आकडा आत तसाच बसलेला असू शकतो.

जुना सुईवाला सेलेनियमचा मीटर असेल, एल-३९८ वगैरे, तर त्याला सेल लागत नाही पण त्याचा सेन्सर वयाने मंदावतो. शिवाय जास्त उजेडात त्याच्यात एक जाळीची पट्टी घालायची असते, आणि ती घातली की डायलवर एचची खूण वापरायची. पट्टी आत आणि खूण दुसरीच, असं झालं की उत्तर कित्येक स्टॉपने चुकतं.

तपासणी: आभाळ स्वच्छ असताना, भर दुपारच्या आसपास, आयएसओ १०० आणि शटर १/१०० ठेवून डोम सरळ सूर्याकडे करा. एफ १६ च्या आसपास आकडा यायला हवा. धुरकट हवेत अर्धा स्टॉप कमी चालेल. एफ ८ आला तर वरची यादी परत वाचा.

२. मीटर आणि कॅमेऱ्याची एकदा गाठ घालून देणं

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि मग महिनोन्‌महिने कुरकुरत बसतात. कॅमेऱ्याचा आयएसओ ४०० आणि मीटरचा आयएसओ ४०० तंतोतंत जुळेलच असं नाही, लेन्समध्येही थोडा उजेड खाल्ला जातो.

सावलीत, जिथे उजेड सगळीकडे सारखा आहे तिथे, ग्रे कार्ड (मधल्या राखाडी रंगाचा पुठ्ठा) उभं करा. कार्डाला चिकटून, डोम कॅमेऱ्याकडे करून रीडिंग घ्या. कॅमेरा मॅन्युअलवर, अपर्चर ५.६ किंवा ८ ठेवा, लेन्स पूर्ण उघडी नको कारण तेव्हा कडा काळवंडतात. कार्डाने फ्रेम भरून फोटो काढा आणि हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फोटोत काय किती आहे तो आलेख) बघा. एकच उभा सुळका दिसेल, तो मध्याच्या आसपास, किंचित डावीकडे असला तरी ठीक. वेगवेगळ्या उजेडात परत करा. दरवेळी तेवढाच फरक एकाच बाजूला पडत असेल, समजा १/३ स्टॉप, तर तो मीटरच्या कॉम्पेन्सेशनमध्ये टाकून मोकळे व्हा. फरक कधी इकडे कधी तिकडे पडत असेल तर मीटर दोषी नाही, तुमची धरायची पद्धत हलतेय, पुढचे दोन टप्पे नीट वाचा.

३. उभं कुठे राहायचं

जिचा फोटो काढायचाय तिच्यापाशी. मीटर चेहऱ्यासमोर, हनुवटीच्या पातळीला, वीतभर अंतरावर. छातीपाशी नको, कारण वरून येणारा उजेड खाली उतरेपर्यंत बदलतो आणि चेहऱ्यावर टोपी, पदर, मुंडावळ्या यांची सावली असते ती छातीवर नसते.

हात लांब करा आणि स्वतः बाजूला व्हा. तुमचं डोकं सूर्य आणि डोमच्या मधे आलं की झालं. दुसरं, तुम्ही पांढरा शर्ट घालून अगदी जवळ उभे असाल तर तुम्हीच एक रिफ्लेक्टर झालात, डोमला तुमच्याकडून जास्तीचा उजेड मिळणार आणि तुम्ही बाजूला झाल्यावर तो जाणार. काळा टीशर्ट घालून येणारे फोटोग्राफर उगाच नसतात.

वस्तूपर्यंत जाताच येत नसेल तर? सिंहगडावरून समोरचा डोंगर काढताय, तिथे कोण जाणार. तेव्हा बघायचं एवढंच की तुमच्यावर पडतंय तेच ऊन तिकडे पडतंय का. पडत असेल तर आहात तिथेच, कॅमेऱ्यापाशी उभे राहा, डोंगराकडे पाठ करा आणि डोम लेन्सच्या दिशेलाच समांतर, म्हणजे डोंगराकडून कॅमेऱ्याकडे बघितल्यासारखा धरून रीडिंग घ्या. तुम्ही झाडाखाली असाल तर आधी उन्हात या. ढगाची सावली डोंगरावर असेल तर ती तुमच्यावर यायची वाट बघा, दुसरा उपाय नाही.

४. डोमचं तोंड

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, म्हणून जरा थांबून.

डोम लेन्सकडे. कॅमेरामनच्या डोक्याकडे नाही, आभाळाकडे तर अजिबात नाही. कॅमेरा खाली जमिनीपाशी असेल तर डोमही खाली झुकलेला हवा. मीटरचा डिस्प्ले वाचायला सोपा जावा म्हणून लोक नकळत मीटर आडवा करतात, डोम आकाश बघायला लागतो, आभाळाचा किंवा छतावरच्या ट्यूबचा उजेड थेट आत जातो, आणि फोटो एक ते दोन स्टॉप अंधारा. घेतलेलं रीडिंग स्क्रीनवर टिकून राहतं, त्यामुळे आधी नीट धरून बटण दाबा आणि मग मीटर फिरवून वाचा.

डोम गोल का, ते एकदा बघा. खिडकीशेजारी उभं राहून डोम स्वतःच्या लेन्सकडे करा आणि लांबून त्या डोमकडे बघा: खिडकीकडची बाजू उजळ, मधे उतरता उजेड, पलीकडची बाजू करडी. शेजारी उभ्या माणसाच्या गालांवर अगदी हेच चाललेलं असतं. डोम म्हणजे चेहऱ्याचा डमी आहे, अर्ध्या उजेडातला चेहरा तसाच अर्ध्या उजेडात दाखवणारा. तोच डोम थेट खिडकीकडे वळवला तर आकडा वाढेल, समजा ४ वरून ५.६ झाला, आणि त्या ५.६ वर काढलेल्या फोटोत उजळ गाल छान, पण सावलीचा गाल कोळसा.

आता वाद. बरेच जुने लोक सांगतात डोम मुख्य लाइटकडे करा. तेही चूक नाहीत, पण ते डोम आत नेऊन किंवा चपटी डिस्क लावून एकेक लाइट वेगळा मोजण्याबद्दल बोलत असतात, आणि ऐकणारा मात्र डोम बाहेर ठेवून लाइटकडे वळवतो. माझं सरळ मत: फोटोचं शेवटचं एक्स्पोजर डोम बाहेर आणि लेन्सकडे. लाइटांची आपसात तुलना डोम आत आणि त्या त्या लाइटकडे. या दोन गोष्टींची खिचडी करू नका.

पाठीमागून ऊन असेल तर? डोम लेन्सकडे केल्यावर तो आपोआप सावलीत येतो, चेहराही सावलीतच आहे, म्हणजे बरोबर आहे. मात्र वरून तिरकं ऊन डोमच्या कडेला चाटत असेल आणि चेहऱ्याला लागत नसेल तर दुसऱ्या हाताने तेवढं ऊन अडवा. चेहरा थोडा गडद आणि मागचं ऊन थोडं शाबूत हवं असेल तर दोन रीडिंग घ्या, एक लेन्सकडे, एक सूर्याकडे, आणि मधला आकडा वापरा. लेन्सकडे ४, सूर्याकडे १६, तर ८. तिरक्या उन्हातही ही युक्ती चालते.

५. आकडा वाचणं

डिजिटल मीटरवर अपर्चरच्या पुढे एक बारीक आकडा येतो. मोठा ५.६ आणि शेजारी छोटा ३ म्हणजे ५.६३ नव्हे. तो पूर्ण स्टॉपचा दशांश असतो: ५.६ आणि वर ३/१० स्टॉप, म्हणजे कॅमेऱ्यावरचा ६.३. छोटा ७ असेल तर ७.१. छोटा ९ दिसला तर सरळ ८ करा. ४ च्या पुढे ३ म्हणजे ४.५, ४ च्या पुढे ७ म्हणजे ५. ८ च्या पुढे ३ म्हणजे ९, ७ म्हणजे १०. एवढं पाठ असलं की भागतं, आणि नसेलच करायचं तर मीटर १/३ स्टॉपच्या सेटिंगवर टाका, बहुतेक मीटरांत ती सोय असते.

आकड्याऐवजी ई आणि यू किंवा ई आणि ओ अशी अक्षरं आली तर मीटर बिघडलेला नाही. त्या शटर-आयएसओला उजेड कमी पडतोय किंवा जास्त होतोय, एवढंच. शटर बदला.

इशारा: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लपलपतात. मीटर सरासरी धरून आकडा देतो पण १/५०० वर काढलेला एक फोटो उजळ, एक काळपट, किंवा पट्टे पडलेला येतो. हॉलमध्ये १/५० किंवा १/१०० वर राहा आणि मीटरला शिव्या देऊ नका.

६. मीटरला जे दिसत नाही त्याचा हिशोब

मीटर लेन्समधून बघत नाही. लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) आहे? साधारण दीड ते दोन स्टॉप गेले. एनडी ८ (नुसता उजेड कमी करणारा गडद फिल्टर) आहे? तीन स्टॉप. १.४ एक्स टेलिकन्व्हर्टरने (लेन्सची पोहोच वाढवणारा जोड) एक, २ एक्सने दोन. मॅक्रोमध्ये वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाएवढी येते तेव्हाही दोन स्टॉप जातात, दागिन्यांचे क्लोजअप काळे का येतात त्याचं उत्तर हेच असतं. एवढं एक्स्पोजर वाढवायचं, किंवा सोपा मार्ग म्हणजे मीटरमधला आयएसओ तेवढा कमी करून ठेवायचा: कॅमेरा ४०० वर, तीन स्टॉपचा फिल्टर, मीटर ५० वर. पण फिल्टर काढला की मीटर परत ४०० वर आणायचा हे ज्याच्या लक्षात राहतं त्यानेच हा मार्ग घ्यावा.

७. कॅमेऱ्यात टाकणं

मोड एम, म्हणजे मॅन्युअल. ऑटो आयएसओ बंद. हे दोन शब्द मोठ्या अक्षरात लिहायला हवेत, कारण एम मोडवर असूनही ऑटो आयएसओ चालू असेल तर कॅमेरा गुपचूप स्वतःचंच चालवतो आणि तुमचं रीडिंग वाया. कॅमेऱ्याचा आतला स्केल प्लस-मायनस दाखवत असेल तर तो शून्यावर आणायला जाऊ नका. पांढऱ्या साडीवर तो प्लस दाखवणारच, त्याला ती साडी राखाडी हवीय. ज्याचा त्रास टाळायला मीटर घेतला त्याचंच ऐकायचं असेल तर कशाला घेतला?

८. फ्लॅश असेल तर

क्रम असा: फ्लॅश मॅन्युअल पॉवरवर, टीटीएल (कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) बंद. टीटीएलमध्ये मुख्य फ्लॅशआधी एक बारीक प्री-फ्लॅश उडतो, मीटर तोच पकडतो आणि भलताच आकडा देतो. मीटरचं शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणारं सर्वात वेगवान शटर) आत, साधारण १/१२५ किंवा १/१६०, आणि कॅमेऱ्यातही तेच. हाय-स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरवर फ्लॅश वापरायची सोय) बहुतेक मीटरांना कळत नाही, ती वापरायची असेल तर आधी स्वतःच्या मीटरचं मॅन्युअल बघा. केबल किंवा ट्रिगर नसेल तर मीटर विनाकेबल फ्लॅश मोडवर ठेवून बटण दाबायचं, तो थांबून राहतो, मग कुणाला तरी फ्लॅशचं टेस्ट बटण दाबायला सांगायचं.

लाइट एकेक करून लावा. आधी मुख्य, बाकी बंद, डोम आत, लाइटकडे: समजा एफ ८. मग तो बंद करून फिल (सावली उजळवणारा दुसरा लाइट) एकटा: एफ ५.६. म्हणजे एक स्टॉपचा फरक, मुख्य लाइट फिलच्या दुप्पट. पण फिल कॅमेऱ्याजवळ असेल तर तो उजळ गालावरही पडतो, म्हणून तिथे दोन अधिक एक आणि सावलीच्या गालावर नुसता एक, चेहऱ्यावरचं प्रमाण तीनास एक होतं. शेवटी दोन्ही चालू, डोम बाहेर, लेन्सकडे, आणि हा जो आकडा येईल तोच कॅमेऱ्यात. नुसत्या मुख्य लाइटचा ८ टाकून मोकळे झालात तर उजळ गाल अर्ध्या स्टॉपहून जास्त फुटतो.

पांढरा पडदा मागे हवा असेल तर पडद्यापाशी जाऊन वेगळं रीडिंग घ्या. चेहऱ्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप जास्त पुरे. दोन-तीन स्टॉप जास्त केलात तर केसांच्या कडा खाल्ल्या जातात.

आणि फॅमिली ग्रुप. लाइट पुढच्या रांगेपासून २ मीटरवर असेल आणि मागची रांग २.८ मीटरवर, तर मागच्यांना बरोबर एक स्टॉप कमी मिळतो. आजी-आजोबा खुर्च्यांवर लख्ख आणि मागचे काका-मामा अंधारात, असे फोटो प्रत्येक घराच्या अल्बममध्ये आहेत. पुढच्या रांगेत मधे, मागच्या रांगेत मधे आणि दोन्ही टोकांना, एवढी रीडिंग घ्या. फरक अर्ध्या स्टॉपहून जास्त असेल तर पॉवर वाढवून काही होत नाही, लाइट मागे न्या आणि उंच करा.

९. आकडा कधी बदलायचा

स्वतः पेटणाऱ्या गोष्टींना इन्सिडंट मीटर लावूच नका. आकाशकंदील, पणत्या, सूर्यास्ताचं आभाळ, गणपतीची रोषणाई, यांच्यावर उजेड पडत नाही, यांच्यातून येतो. तिथे स्पॉट मीटर (एका छोट्या जागेवरून येणारा उजेड मोजणारा) किंवा कॅमेऱ्याचाच मीटर. कंदिलाच्या उजेडात बसलेल्या माणसाचा चेहरा मात्र खुशाल मोजा.

डिजिटलवर चकचकीत पांढरं, उदाहरणार्थ उन्हातली पांढरी रेशमी साडी किंवा जरीचे काठ, काठांतली वीण दिसायला हवी असेल तर १/३ स्टॉप कमी करा. काळ्या मखमलीचा पोत हवा असेल तर तेवढंच वाढवा. सावळ्या माणसासाठी काहीही बदलायचं नाही, मीटर त्याचा रंग आहे तसाच येऊ देतो, उजळवायची सवय कॅमेऱ्याच्या मीटरची. फिल्मवर कलर निगेटिव्ह असेल तर अर्धा-एक स्टॉप जास्त दिलेला तो सहज पचवतो, स्लाइड असेल तर जास्त अजिबात नको.

तरीही चुकतंय? याच क्रमाने बघा

- सगळे फोटो सारखेच आणि थोडेच चुकलेले: टप्पा २, गाठ घालायची राहिलीय.
- सगळे नेमके एक, दोन, तीन स्टॉपने चुकलेले: आयएसओ जुळत नाही किंवा फिल्टर विसरलाय.
- उन्हात बरोबर, घरात अंधारे: डोम छताकडे होतोय.
- पहिले बरोबर, नंतर हळूहळू काळे: संध्याकाळ झालीय. शेवटच्या तासात दर काही मिनिटांनी परत मोजायचं असतं, आणि ढगाळ दिवशी ढग सरकला की लगेच.
- फ्लॅशवर दरवेळी वेगळा आकडा: फ्लॅश पूर्ण चार्ज व्हायच्या आत उडवताय, किंवा टीटीएल चालूच राहिलंय.
- काहीच सापडत नाही: डोम जागेवर बसलाय का ते परत बोटाने चाचपा, आणि सेल बदला.